परदेशी जाण्याआधी पीएफकडे बघा

माझा मुलगा पुण्यातली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी जर्मनीला गेला. सामान बांधताना लोणच्याच्या बरण्यांचीही यादी केली होती, पण भविष्य निर्वाह निधीचे कुणाच्या मनातही आले नाही. पुढे भारतातल्या सिमचे रिचार्ज राहून गेले आणि नंबर बंद पडला. पैसे काढायला बसला तेव्हा ओटीपी त्याच बंद नंबरवर जात होता, कारण आधारला तोच जोडलेला. शिवाय जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच नोंदवली नव्हती. ही तारीख शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला स्वतःही भरता येते, पण तिथेही पुन्हा ओटीपी! शेवटी सुट्टी काढून त्याला इथे यावे लागले.

कायमचे परदेशी जाणाऱ्याला सगळी रक्कम काढता येते. मात्र 36 महिन्यांत अर्ज केला नाही, तर खाते निष्क्रिय होऊन व्याज थांबते. सलग सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असेल, तर सहसा करही लागतो.

कंपन्यांनी निरोपाच्या दिवशीच हे कर्मचाऱ्याला लेखी द्यावे आणि नोकरी सोडल्याची तारीख लगेच नोंदवावी. सरकारनेही परदेशी मोबाईल नंबरवर ओटीपी मिळण्याची सोय करावी. ही कष्टाची कमाई आहे; ती मिळवायला विमानाचे तिकीट का काढावे लागावे?

– एक पालक, पुणे