उघडलेली फाइल बंद कोणी करायची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षेचे अर्ज, कराचा भरणा, शिष्यवृत्तीची नोंदणी अशा कामांच्या शेवटच्या दिवसांत एखादी ऑनलाइन सेवा बंद पडली, की ‘सर्व्हर डाऊन’ एवढ्यावर ती बातमी संपते. गर्दी वाढली आणि यंत्र कमी पडले, असे आपण गृहीत धरतो आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु गर्दी बेताची असताना, यंत्रात मेमरी आणि जागा मुबलक असताना, केवळ उघडलेल्या फाइली वेळेवर बंद न केल्यामुळे सेवा थांबते, असाही एक प्रकार आहे. मी नागपुरात सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका लहान चमूत काम करते. अशा एका दोषाचे मूळ आम्ही नुकतेच शोधून काढले. तो आपल्या लिपीशी ज्या तऱ्हेने जोडलेला निघाला, ते पाहता हा विषय संगणकाचे काम करणाऱ्यांपुरता ठेवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून हे पत्र.

कोणताही प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा लिनक्ससारखी प्रणाली त्या फाइलसाठी त्याला एक क्रमांक देते. त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. ०, १ आणि २ हे क्रमांक सहसा सुरुवातीपासूनच वापरात असतात, पुढचे मागणीप्रमाणे मिळत जातात आणि फाइल बंद केली की तिचा क्रमांक पुन्हा मोकळा होतो. एका प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमने, एका वेळी किती क्रमांक धरून ठेवावेत याला मर्यादा असते. अनेक लिनक्स यंत्रांवर ती मुळात १०२४ असते. वाचनालयात आधीची पुस्तके परत केल्याशिवाय नवे पुस्तक मिळत नाही, तसाच हा हिशेब आहे. नेटवर्कवरील प्रत्येक जोडणीलाही याच साठ्यातून क्रमांक लागतो, ही बाब येथे फार महत्त्वाची आहे. साठा संपला की नवी फाइल उघडत नाही, नव्या ग्राहकाची जोडणी स्वीकारता येत नाही, डेटाबेसशी नवा संपर्क होत नाही आणि लॉगमध्ये, म्हणजे सेवेच्या नोंदींत, ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा संदेश उमटतो. हा संदेश ज्या ओळीचा पत्ता देतो ती ओळ बहुधा निर्दोष असते. तिने मागितला तेव्हा क्रमांक शिल्लक नव्हता, एवढाच तिचा संबंध. ज्याने सकाळपासून क्रमांक अडवून ठेवले, त्या कोडचे नाव त्या संदेशात कोठेही नसते.

आमच्याकडे घडले ते असे. एका पतसंस्थेसाठी चालणाऱ्या, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या सेवेत सभासदांच्या पावत्या पीडीएफ स्वरूपात तयार होत असत. त्यासाठी एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला तयार कोड, वापरला होता. सेवा काही तास नीट चाले आणि दुपारनंतर केव्हातरी लॉगिनच होईनासे होई. लॉगमधली चूक डेटाबेसच्या जोडणीकडे बोट दाखवी, त्यामुळे साहजिकच सर्वांचे लक्ष डेटाबेसवर खिळलेले राहिले. रोज रात्री सेवा रीस्टार्ट करण्याचा तोडगा काढला गेला. प्रोसेस संपली की तिने धरलेल्या सगळ्या फाइली प्रणाली स्वतःच बंद करते, म्हणून सकाळी सारे सुरळीत दिसे. मर्यादा १०२४ वरून ६५,५३६ पर्यंत वाढवा, असा सल्लाही मिळाला. खरोखर हजारो ग्राहकांच्या जोडण्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात तेथे मर्यादा वाढवणे रास्तच आहे. परंतु गळती असताना ती वाढवल्याने बिघाडाची वेळ तेवढी पुढे जाते.

यातला सर्वांत बोधप्रद भाग मेमरीचा होता. उपाय म्हणून सर्व्हरची मेमरी वाढवून देण्यात आली आणि सेवा पूर्वीपेक्षा लवकर बंद पडू लागली. वरवर हे अतर्क्य वाटते, पण त्याला सरळ कारण आहे. जावामध्ये वापरात नसलेल्या वस्तू साफ करण्याचे काम गार्बेज कलेक्टर करतो आणि एखादी बंद न केलेली फाइल स्ट्रीम, म्हणजे फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी उघडलेली वाट, त्याच्या हाती लागली, तर तिचा क्रमांकही त्या ओघात सुटतो. मात्र गार्बेज कलेक्टर जागा होतो तो मेमरीची चणचण भासल्यावर. डिस्क्रिप्टर संपत आले आहेत याची त्याला गंधवार्ता नसते. मेमरी मुबलक झाली, तशी पूर्ण सफाई क्वचित होऊ लागली आणि तोपर्यंत अडलेल्या क्रमांकांचा ढीग वाढत गेला. पायथन या दुसऱ्या भाषेत हीच गोष्ट वेगळ्या रूपाने भेटते. त्याच्या प्रचलित अंमलबजावणीत, म्हणजे सीपायथनमध्ये, फाइलकडे बोट दाखवणारा शेवटचा संदर्भ सुटताच ती बहुधा तत्काळ बंद होते, त्यामुळे निष्काळजी कोडही चालून जातो. तोच कोड पायपाय या पायथनच्या दुसऱ्या अंमलबजावणीवर नेला की फाइली तुंबू लागतात. सफाई कधी होईल याचा भरवसा भाषेने दिलेला नसताना त्यावर विसंबणे चुकीचे आहे, हे यातून शिकायचे.

शोध लागला तो ‘एलएसओएफ’ या जुन्या आणि साध्या साधनामुळे. चालू प्रोसेसने कोणत्या फाइली उघड्या धरल्या आहेत याची यादी ते देते. ‘प्रोक’ फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालील ‘एफडी’ पाहिले तरी तेच दिसते. त्या यादीत डेटाबेसच्या जोडण्या मोजक्याच होत्या आणि एका देवनागरी फॉन्टची एकच फाइल शेकडो वेळा उघडलेली होती. कोणती फाइल गळते हे कळले. ती कोठून उघडली जाते हे अद्याप कळायचे होते. त्यासाठी ‘फाइल लीक डिटेक्टर’ नावाचे ओपन सोर्स साधन जावा प्रोग्रॅमला जोडता येते. प्रत्येक फाइल उघडतानाच तिच्या मागची कार्यांची (फंक्शनांची) साखळी ते नोंदवून ठेवते आणि बंद न झालेल्या फाइलींपुढे ती साखळी छापते. पायथनमध्ये हे काम ‘ट्रेसमॅलॉक’ आणि ‘रिसोर्स वॉर्निंग’ ही जोडी करते. ‘रिसोर्स वॉर्निंग’ हा इशारा २०११ मधील पायथन ३.२ पासून उपलब्ध आहे, परंतु तो एरवी लपवलेला असतो आणि मुद्दाम चालू करावा लागतो, म्हणून अनेकांनी तो कधी पाहिलेलाच नसतो.

आता लिपीचा संबंध. पीडीएफच्या मानकात हेल्व्हेटिका, टाइम्स, कुरिअर इत्यादी १४ फॉन्ट मूळचेच धरलेले आहेत आणि त्यांत देवनागरी नाही. इंग्रजी पावती फॉन्टची फाइल न उघडताही तयार होऊ शकते. मराठी पावतीसाठी फॉन्ट बाहेरून उघडावाच लागतो, आणि तेवढ्याने भागत नाही. पत्त्यातील ‘त्रिमूर्तीनगर’ नीट छापायचे तर त्यातला ‘त्र’ आणि ‘ती’वरचा रफार योग्य रूपात यावा लागतो, त्यासाठी फॉन्टमधील ‘जीसब’ नावाचा तक्ता वाचावा लागतो. आमच्या लायब्ररीत हा तक्ता वाचण्यासाठी फाइल दुसऱ्यांदा उघडली जात होती. तक्ता सापडला की ते कार्य मधूनच उत्तर घेऊन परतत होते. फाइल बंद करणारी ओळ त्याच्या खाली होती, म्हणजे तक्ता न सापडल्यासच तिच्यापर्यंत पोहोचणे होत होते. लायब्ररीच्या चाचण्यांमध्ये वापरलेल्या फॉन्टमध्ये तो तक्ता नव्हता. त्यामुळे लिहिणाऱ्यांच्या यंत्रावर सर्व चाचण्या उत्तीर्ण होत होत्या, आणि आपल्याकडच्या प्रत्येक पावतीमागे एक क्रमांक अडत होता.

यात कोणाची दुष्टबुद्धी नाही आणि मी त्या लायब्ररीला दोषही देत नाही. जो मार्ग फक्त आपल्या लिपीचे लोक वापरतात, त्यावरचा खड्डा इतरांना दिसण्याचा संभव नसतो. तो आपण कळवला नाही तर कोणीही कळवणार नाही, आणि रोज रात्री रीस्टार्ट करून आपण तो स्वतःपासूनही लपवतो. मला या पत्राद्वारे मुख्यतः हेच सांगायचे आहे.

दुरुस्ती तशी लहान होती. २०११ मध्ये आलेल्या जावा ७ पासून ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ ही रचना आहे. तिच्यात उघडलेली स्ट्रीम, कार्य मधूनच परतले किंवा चूक उद्भवली तरी, बाहेर पडताना बंद होतेच. पायथनमध्ये २००६ मधील २.५ आवृत्तीपासून ‘विथ’ आहे, सी-शार्पमध्ये ‘यूझिंग’ आणि गो भाषेत ‘डिफर’ आहे. मात्र दिसेल ती स्ट्रीम बंद करत सुटणे हाही उपाय नव्हे. वापरणाऱ्याने स्वतः उघडून लायब्ररीच्या हाती दिलेली स्ट्रीम लायब्ररीने परस्पर बंद केली, तर वेगळाच घोटाळा होतो. झिप फाइलमधील एक घटक वाचायला द्यावा आणि लायब्ररीने संपूर्ण झिप स्ट्रीमच मिटवून टाकावी, म्हणजे पुढचे घटक वाचताच येत नाहीत. ज्याने उघडले त्याने बंद करावे, आणि जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवायची असेल तर ते दस्तऐवजात स्पष्ट लिहावे, हा नियम पाळला तरच दोन्ही बाजूंचा कोड एकमेकांवर विश्वास ठेवू शकतो. फाइलीत लिहिताना तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण लिहिलेला मजकूर आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या जागेत, साठतो. स्ट्रीम बंद न करताच प्रोग्रॅम संपला तर शेवटचा तुकडा फाइलपर्यंत पोहोचेलच असे नाही आणि अर्धवट दस्तऐवज तयार होऊ शकतो, तोही कोणतीही चूक न दाखवता.

मूळ प्रकल्पाला कळवताना आम्ही एक छोटा टेस्ट केस, म्हणजे दोष दाखवणारी चाचणी, जोडला. उघड्या फाइलींची मर्यादा ‘यूलिमिट’ या आदेशाने ६४ पर्यंत खाली आणायची आणि तोच मराठी शब्द वारंवार छापायचा. जो बिघाड दुपारपर्यंत वाट पाहायला लावी तो त्यामुळे काही क्षणांत दिसू लागला. प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी देवनागरी फॉन्टवरची ती चाचणी ठेवून घेतली आणि दुरुस्ती स्वीकारली. आपल्या प्रतीत गुपचूप बदल करून गप्प बसलो असतो, तर पुढच्या आवृत्तीबरोबर दोष परत आला असता आणि इतरांकडे तो होता तसाच राहिला असता. ओपन सोर्सच्या बहुतेक परवान्यांत, मग तो एमआयटी असो वा अपाची, कोड ‘आहे तसा’ आणि कोणत्याही हमीविना दिल्याचे स्पष्ट म्हटलेले असते. दाद मागायला तेथे कोणी नसते. कोड वाचण्याचा आणि सुधारण्याचा अधिकार मात्र पूर्ण असतो. तो आपण फार कमी वापरतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नागपुरात व्हीएनआयटीसह अभियांत्रिकीची अनेक महाविद्यालये आहेत आणि येथून शिकून निघालेली मुले येथील मिहान प्रकल्पापासून परदेशापर्यंत काम करत आहेत. त्यांच्या प्रात्यक्षिकांच्या जर्नलमध्ये फाइल वाचण्याचा प्रोग्रॅम हमखास असतो. त्यात बंद करण्याची ओळ बहुधा शेवटी लिहिलेली असते, आणि मध्ये चूक झाली तर ती ओळ चालेल का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रोग्रॅम एकदा चालतो, उत्तर येते, सही मिळते. परीक्षकांनी तोच प्रोग्रॅम एका आवर्तनात हजारो वेळा चालवायला सांगावा, नसलेली किंवा बिघडलेली फाइल देऊन पाहावा, आणि आधी व नंतर किती डिस्क्रिप्टर उघडे आहेत ते मोजायला लावावे, एवढी माझी शिक्षकांना विनंती आहे. प्रयोगशाळेत विंडोज असेल तर उघडी राहिलेली फाइल अनेकदा पुसताच येत नाही, त्यामुळे दोष लगेच ध्यानात येतो. लिनक्सवर फाइल पुसली गेल्यासारखी दिसते, पण प्रोसेसने ती धरून ठेवली असेल तोवर डिस्कवरची जागा सुटत नाही. हा फरक विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेला असला पाहिजे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीचा मराठीच्या वापरात सापडणारा एक दोष शोधून, टेस्ट केससह कळवणे, याला गुण द्यावेत. इंग्रजीत कसे लिहायचे म्हणून मुले बिचकतात, हे मी पाहते. पण अशा अहवालात आवृत्ती, प्रणाली, चालवून पाहता येईल असा दहा-वीस ओळींचा कोड, काय अपेक्षित होते आणि काय घडले, एवढेच हवे असते. त्यातले बहुतेक बोलणे कोडच करतो.

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थांनीही, मग त्या पतसंस्था असोत, शाळा असोत की स्थानिक स्वराज्य संस्था, करारात एक अट घालावी. मराठी मजकुरासह ही सेवा रीस्टार्ट न करता सलग काही दिवस चालवून दाखवावी आणि त्या काळात उघड्या फाइलींची संख्या वाढत जात नाही, याची नोंद द्यावी. या अटीला वेगळे यंत्र लागत नाही की मोठा खर्च येत नाही.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती करते. यापुढे एखाद्या सेवेच्या बातमीत ‘सर्व्हर डाऊन’ लिहिण्याची वेळ आली, तर संबंधितांना दोन प्रश्न विचारावेत: बिघाडाचे कारण सापडले की केवळ रीस्टार्ट केला, आणि दोष वापरलेल्या लायब्ररीत असेल तर तो मूळ प्रकल्पाला कळवला का? मिळालेले उत्तर बातमीत छापावे.

आपली विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता,
प्रतापनगर, नागपूर