प्रत्येक खाज म्हणजे लूत नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर गुरांच्या लाळ्या-खुरकुतापासून शेळ्यांच्या जंतांपर्यंत सर्व काही नियमाने येते. मात्र रानडुकरे आणि रोही यांच्यापासून आमचे वावर राखणाऱ्या कुत्र्याबद्दल त्या पानावर चार ओळी आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पावसाळा उतरणीला लागला की केस गळालेली, मागे वळून स्वतःचेच अंग चावणारी कुत्री गावोगावी दिसू लागतात. त्यांना सरसकट ‘लूत लागली’ असे म्हणून ट्रॅक्टरचे जळके ऑइल चोपडले जाते. या उपायाचा परिणाम मी माझ्याच घरी पाहिला आहे.

आमचा टिप्या चार वर्षांचा असून तो जागलीला सालदारासोबत असतो आणि दिवसा गोठ्यातील कुटारावर झोपतो. गेल्या भादव्यात त्याने शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागील बाजूस एवढे चावे घेतले की तेथील कातडी काळी, जाड आणि ओलसर झाली. मी परगावी असताना सालदाराने चांगल्या हेतूनेच त्याला ऑइल लावले. कुत्रे अंगावरचे काहीही चाटून काढते, ही साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. टिप्याला त्या रात्री उलट्या झाल्या आणि पुढचे दोन दिवस त्याने भाकरीला तोंड लावले नाही. मग तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी इंजेक्शन टोचून आणले, त्याने तीन दिवस खाज थांबली आणि आठवडाभरात ती दुप्पट जोराने परतली. ते स्टेरॉइडचे होते, हे मला नंतर कळले.

अखेर पशुवैद्यकांकडे गेलो तेव्हा त्यांनी औषध लिहिण्याआधी उवा काढायची बारीक फणी मागितली. शेपटीच्या मुळाशी ती फिरवून निघालेली काळी भुकटी त्यांनी ओल्या पांढऱ्या कापसावर झटकली. मला ती गोठ्यातील धूळच वाटली होती. पण मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस कडे उमटले. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे टिप्याचेच पचलेले रक्त होते. त्यानंतर त्यांनी त्याच्या कानाची कड दोन बोटांत चोळून पाहिली, कारण खऱ्या लुतेत असे केल्यावर बहुधा कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवू लागतो. टिप्याचा पाय हलला नाही. तेवढ्यावर विसंबून न राहता त्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीही तपासली आणि मगच ही पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असल्याचे सांगितले.

हा फरक नुसता नावाचा नाही. लूत सूक्ष्म किडीमुळे होते, ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते आणि हाताळणाऱ्या माणसालाही काही दिवस खाज आणते. कानांच्या कडा आणि पुढच्या पायांची कोपरे ही तिची आवडती ठिकाणे. ॲलर्जी कोणाला लागत नाही. त्या जनावराचे शरीरच एखाद्या पदार्थाला गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देते. पिसवांच्या बाबतीत एक-दोन चावेही अनेक दिवस खाजवायला पुरे होतात, त्यामुळे ‘अंगावर तर पिसू दिसत नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. पंजे सतत चाटणे, कान पुन्हा पुन्हा दुखणे, काखा आणि पोट लाल होणे, असा प्रकार असेल तर परागकण किंवा धुळीतील कीटकांची ॲलर्जी असू शकते. ती बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत सुरू होते. गोड खाल्ल्याने लूत होते, हा आमच्याकडील समज मात्र निराधार आहे. अन्नाची ॲलर्जी असते, पण ती बहुतेक वेळा कोंबडी, दूध, गहू यांतील प्रथिनांची. तिची खात्री करायची तर किमान आठ आठवडे कुत्र्याला पूर्वी कधीही न दिलेले अन्नच द्यावे लागते. जे कुत्रे चार घरच्या ओसरीवर जेवून येते, त्याच्यावर हा प्रयोग कसा करायचा, याचे उत्तर डॉक्टरांकडेही नव्हते.

जळक्या ऑइलने काही पिसवा गुदमरून मरत असतील, पण त्यातील विषारी द्रव्ये चाटण्यातून पोटात आणि सोललेल्या कातडीतून अंगात जातात. त्याहून भयंकर म्हणजे कपाशीवर मारून उरलेले औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगावर ओतण्याची रीत. ज्या यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेत शेतकरी आणि मजूर गमावले, तेथे तरी हे समजावून सांगण्याची वेळ येऊ नये. बैलासाठी आणलेले गोचिडांचे इंजेक्शन अंदाजाने टोचणेही तितकेच चूक आहे, कारण मात्रा किलोच्या हिशेबाने ठरते. स्टेरॉइड हे निषिद्ध औषध नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस दिल्यास ते जनावराला उसंत देते. परंतु मूळ रोग लूत असेल तर त्याने ती अधिक फोफावते आणि दीर्घकाळ दिल्यास तहान, लघवी वाढून स्नायू झिजतात.

टिप्याला वजनानुसार पिसवांची गोळी आणि जखमेतील जंतुसंसर्गासाठी औषध मिळाले. खरे काम घरी होते. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष कुटारात व गोठ्याच्या धुळीत असतात, आणि कोष तर महिनोन्‌महिने तग धरतात. आम्ही जुने कुटार उपसले, टिप्याचे पोते उकळत्या पाण्यात घातले, जागा कोरडी करून उन्हात उघडी ठेवली आणि घरच्या मांजरीवरही उपचार करून घेतले. (कुत्र्यासाठीची काही औषधे मांजरीला जीवघेणी असतात, त्यामुळे तिचे औषध वेगळे होते.) केस यायला दिवाळी उजाडली.

आपणांस विनंती अशी की दरवर्षी श्रावण लागताच ही माहिती शेतीच्या पानावर चौकटीत द्यावी. पशुसंवर्धन विभागानेही रेबीजच्या लसीकरणासाठी कुत्री एकत्र येतात त्या दिवशी त्यांची कातडी तपासण्याची सोय करावी. त्यासाठी फणी, ओला कापूस, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक एवढेच लागते. नागपूर व अकोला येथील पशुवैद्यक महाविद्यालये आमच्यापासून दूर पडतात, आणि पेरणी-डवरणीच्या दिवसांत कुत्र्यासाठी एवढा प्रवास कोणी करत नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दिग्रस, जि. यवतमाळ