फ्रिजचा गॅस भरण्याआधी

सेलू, जि. परभणी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलंस की फ्रिज थंड करेना, दूध नासलं आणि मिस्त्री फ्रिज न बघताच "गॅस संपला असंल, भरून टाकू" म्हणाला. आजीचं इन्सुलिन त्याच फ्रिजमध्ये आहे, म्हणून माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

आधी इन्सुलिनचं बघ. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांतच राहायला पाहिजेत. औषधाच्या दुकानदाराला विनंती करून त्या त्याच्या फ्रिजमध्ये ठेव. घाबरून वरच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नकोस. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं.

आता गॅसचं. फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो, आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता भरला तर तोही निघून जाणार आणि तुझे पैसेही. वायंडिंगच्या दुकानात मी आयुष्य काढलं, तेव्हा एवढं माझं ऐक: आधी बघायचं, मग पैसे द्यायचे.

तुझी खोली पत्र्याची, त्यात नांदेडचा मे महिना. फ्रिजच्या स्टिकरवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एन' असेल तर तो भोवतालच्या ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८ आणि 'टी' ४३ अंशांपर्यंत नीट चालावा असा बनवलेला असतो. दुपारी पत्र्याखाली याहून जास्त तापतं. तिथं चांगला फ्रिजही दमतो, आणि तू तो भिंतीला चिकटवून ठेवला आहेस. वीतभर पुढं ओढ. प्लग काढून मागच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशनं झाड. जाळी दिसत नसेल तर ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते. मग त्या बाजू कोमट लागतात, तो बिघाड नव्हे.

दाराचं रबर तपास. दारात नोट धरून दार लाव आणि नोट ओढ. ती सहज निसटली तर तिथून गरम हवा आत जाते. रबर कोमट साबणपाण्यानं पूस. कधी कधी नुसत्या चिकट मळानंच ते बसत नाही.

बर्फाच्या कप्प्यात बोटभर थर साचला असेल तर तोच थर थंडी अडवतो. थंडी कमी-जास्त करायच्या बटणाच्या मधली, बर्फ वितळवायची गुंडी दाब, किंवा फ्रिज बंद करून दार उघडं ठेव आणि बर्फ आपोआप वितळू दे. सुरीनं, उलथन्यानं मुळीच खरवडू नकोस. त्याच पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून गॅस फिरतो. तिथं सुईएवढं भोक पडलं तरी फ्रिज कामातून गेला. असे कितीतरी फ्रिज मी दुकानात बघितलेत, मनाला फार लागतं.

संध्याकाळी मात्र कान देऊन ऐक. सगळ्यांचे कूलर सुरू झाले की डीपीवर लोड येतो आणि व्होल्टेज पडतं. अशा वेळी मागून "घूंऽऽ" असा आवाज येऊन थोड्या वेळानं "टक्" होऊन बंद पडत असेल, पुन्हा घूं, पुन्हा टक्, तर कंप्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारी मागची मोटर, सुरूच होत नाहीये. दोष व्होल्टेजचा असेल, मोटर सुरू करून देणाऱ्या रिलेचा असेल, नाहीतर कंप्रेसरचा. गॅसवर लगेच जायचं कारण नाही. स्टॅबिलायझर घे. लाईट जाऊन आली की पाचेक मिनिटं थांबूनच फ्रिज चालू कर.

हे सगळं करून रात्रभर चालू दे. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून तो ग्लास मधल्या कप्प्यात ठेव. सकाळी ४ अंशांच्या आसपास असेल तर मिस्त्री बोलवायची गरज नाही.

कंप्रेसर थांबत नाही, मागची जाळी जेमतेम कोमट आहे आणि बर्फ एकाच कोपऱ्यात धरतोय, असं दिसलं तर गॅसचा संशय खरा. मग त्याला गळती शोधायला सांग, ती बुजवल्यावर व्हॅक्यूम मारायला, म्हणजे नळ्यांतली हवा पंपानं ओढून काढायला लाव, आणि गॅस काट्यावर मोजून भरू दे. कंप्रेसरवर 'आर-६००ए' लिहिलेलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे. तेव्हा खिडकी-दार उघडी ठेव, आजीला आणि लेकराला शेजाऱ्यांच्या घरी बसव.

मिस्त्री आला की त्याच्यासमोरच मला फोन लाव. मी दुकानातच असतो.

तुझे
अण्णा