बादशहा सुटतो कसा?

डोंबिवली (पूर्व)

प्रिय मंगल,

परवा फोनवर तू म्हणालीस, "त्या चिनी राजवाड्यातल्या सिरीयलींत आहे तरी काय? बायकाच बायकांना विष घालतात. एवढंच बघायचं तर आपल्या चॅनेलवर काय कमी आहे?" मी तोंड उघडायच्या आत तुझ्याकडे गॅसवाला आला आणि माझं उत्तर पोटातच राहिलं. ते काही पचेना, म्हणून हे पत्र. लांब होणार आहे. चहा घेऊन बस.

तू म्हणालीस तेच २०१३ मध्ये चीनमधल्या एका प्राध्यापकांनी म्हटलंय, ते सांगते. ताओ दोंगफेंग त्यांचं नाव. सरकारी 'पीपल्स डेली'त त्यांनी लिहिलं की 'झेन ह्वान'ची मालिका माणसाला एकच गोष्ट शिकवते: समोरच्यापेक्षा जास्त वाईट व्हा, तरच टिकाल. कोरियाच्या 'दे जांग गम' मालिकेतली बाई संकटातही सरळ राहून जिंकते आणि ही मात्र वाईटाला वाईटानेच हरवते, अशी तुलना त्यांनी केली. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण बाई चांगली राहिली का, याचीच परीक्षा सगळे घेतात. जिथे चांगलं राहून जीव वाचत नाही असं घर बांधलं कुणी, हे त्या लेखातही कुणी विचारलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याचा पसारा.

आधी गोष्ट थोडक्यात. २०११ ची मालिका, ७६ भाग. छिंग घराण्यातल्या योंगचेंग बादशहाचा जनानखाना. झेन ह्वान नावाची मुलगी (सुन ली या नटीने काय काम केलंय!) मनात नसताना निवडली जाते, बादशहाच्या प्रेमात पडते, आणि एक दिवस तिला कळतं की त्याला ती आवडते ती त्याच्या मेलेल्या बायकोसारखी दिसते म्हणून. तिथून पुढे ती बदलते. शेवटी ती राजमाता होते, सगळ्यांना पुरून उरते, आणि बोलायला माणूस उरत नाही.

आता बघ, मला प्रेक्षकांचं कौतुक का वाटतं. मालिका नवीन होती तेव्हा सगळे झेन ह्वानच्या बाजूने होते. तिची वैरीण ह्वा फेइ म्हणजे थेट खलनायिका: माजोरडी, तोंडाळ, दागिन्यांनी लगडलेली. तिचे टोमणे लोकांनी विनोदासारखे पाठ केले. नोकरी करणाऱ्या पोरींनी तर मालिका ऑफिसात टिकण्याचं गाईड म्हणून पाहिली: बॉसशी कसं बोलावं, कुणावर किती भरवसा टाकावा. पण तिथे लोक ही मालिका वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बघतात, आणि दरवेळी त्यांची सहानुभूती एकेक पाऊल सरकते. तिचा कीस काढणाऱ्या चर्चेला 'झेन-शास्त्र' असं अर्धं थट्टेचं, अर्धं खरं नावही पडलंय. हळूहळू ह्वा फेइ लोकांची लाडकी झाली.

का, ते एका प्रसंगावरून कळेल. ह्वा फेइच्या महालात कायम एक खास धूप जळत असतो. बादशहाने फक्त तिच्यासाठी बनवून घेतलेला, दुसऱ्या कुणाला मिळत नाही, म्हणून ती तो मिरवते. तिला मूल होत नाही, ते दुःख ती दुसऱ्यांना छळून काढते. भाऊ न्येन गंगयाव मोठा सेनापती, तो चढतो आणि पडतो, त्याच्यामागे तीही पडते. मग झेन ह्वान तिला सांगते: त्या धुपात कस्तुरी होती. तुला मूल होऊ नये म्हणून बादशहानेच घातली, कारण तुझ्या भावाची त्याला भीती होती. मंगल, त्या नटीचा चेहरा बघ तेव्हा. आधी विश्वास बसत नाही, मग हसू येतं, मग ती भिंतीवर डोकं आपटून जीव देते. आणि शेवटचा आक्रोश समोर उभ्या असलेल्या वैरिणीवर नसतो, त्याच्यावर असतो. तो तिथे हजरही नाही.

आन लिंगरोंगचंही तसंच. किरकोळ अधिकाऱ्याची मुलगी, कपडे साधे. निवडीच्या दिवशी दुसऱ्या एका मुलीच्या अंगावर तिच्या हातून चहा सांडतो आणि ती मुलगी तिला चारचौघांत झाडते. झेन ह्वान मध्ये पडते, तिच्या केसात बिगोनियाचं फूल खोचते, आपल्या कानातली देते. त्या फुलामुळेच तिच्याकडे लक्ष जातं. पुढे हीच पोरगी मैत्रिणीच्या मुळावर उठते. पूर्वी तिला कृतघ्न म्हणायचे. आता बरेच प्रेक्षक विचारतात, की दिलेली प्रत्येक वस्तू घेताना तिला ती भीक वाटत नसेल का? श्रीमंत मैत्रिणीला आपण काय दिलं ते आठवतं, गरीब मैत्रिणीला कसं दिलं ते आठवतं. मला तिची बाजू पूर्ण पटत नाही, विष ते विषच. पण हा प्रश्न पडायला मालिका तिसऱ्यांदा बघणारा प्रेक्षकच लागतो.

आता २०१८ ची गंमत ऐक. त्या वर्षी महिनाभराच्या अंतराने दोन मालिका आल्या. दोन्हींत तोच छ्येनलोंग बादशहा, त्याच राण्या. 'यान्शी महाला'च्या मालिकेत नायिका वेइ घराण्यातली, शिवणकामाच्या कोठीतली मोलकरीण, बहिणीच्या मरणाचा छडा लावायला महालात शिरलेली; आणि नारा राणी पुढे खलनायिका होते. 'रुयी'मध्ये नेमकं उलट: नारा राणी नायिका, बादशहाची बालपणापासूनची सोबतीण, आणि वेइ बाई कपटी, पायरी पायरीने वर चढणारी. एकीतली सज्जन दुसरीतली डाकीण! दोन्ही बघणाऱ्यांची जी काही भांडणं झाली, विचारू नकोस.

यान्शीवाली वेइ यिंगल्वो लोकांना जाम आवडली. कुणी एक लावली की ही दोन लावते, रडत बसत नाही. नायिकेने सत्तर भाग सोसायचं आणि शेवटच्या दोनात जिंकायचं, याला लोक विटले होते. त्या मालिकेचा थाटही बघण्यासारखा आहे. भडक रंग नाहीत, रेशमाची केसात माळायची फुलं हाताने केलेली, आणि प्रत्येक कानात तीन-तीन डूल, मांचू (म्हणजे छिंग राजघराण्याच्या जमातीच्या) बायकांची तशी रीतच होती. (आपल्या आजीच्या कानात कुड्या, बुगडी, बाळी एकदम असायच्या, तिला ते बघून बरं वाटलं असतं.) पण मला विचारशील तर माझं मन रुयीत जास्त अडकलं. ८७ भाग, संथ, मधे मधे कंटाळवाणी, हे कबूल. तरी त्यात जे आहे ते यान्शीच्या चटपटीतपणात नाही.

कारण खरी नारा राणी. १७६५ मध्ये बादशहाबरोबर दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना हांगचौमध्ये तिने स्वतःचे केस कापले. मांचू रिवाजात बाई केस कापते ती नवरा किंवा सासू-सासरे गेल्यावर. नवरा जिवंत, सासूही जिवंत, आणि महाराणीच्या केसांना कात्री! आपल्याकडे विधवेला बळजबरीने न्हाव्यापुढे बसवायचे. हिने नवऱ्याच्या जिवंतपणीच आपल्या हाताने ते केलं. तिला तडक बीजिंगला धाडलं. पुढच्या वर्षी ती गेली, तर महाराणीच्या इतमामाने अंत्यविधीही नाही, स्वतःचं थडगंही नाही. दुसऱ्या एका राणीच्या थडग्यात ठेवली. नेमकं काय बिनसलं होतं, ते दरबारी कागद सांगत नाहीत. आणि वेइ बाईचा मुलगा पुढे ज्याछिंग बादशहा झाला, त्यामुळे तिला मरणोत्तर महाराणीपद मिळालं. म्हणजे इतिहासाने एकीला पुसलं, एकीला चढवलं, आणि दोनशे-अडीचशे वर्षांनी लेखक मंडळी ठरवतात की या खेपेला वाईट कोण. वाईट दोघींपैकीच एक असणार, हे मात्र आधीच ठरलेलं!

मला इथे आपली आनंदीबाई आठवते. काळही जवळजवळ तोच, नारायणरावाचा खून १७७३ चा. 'ध'चा 'मा' तिनेच केला, ही दंतकथा आपल्याला शाळेपासून तोंडपाठ. राघोबादादा मात्र जणू बाजूला उभे राहून बघत होते.

पण प्रेक्षक तेवढे बावळट नाहीत. यान्शीच्या वेळीच चिनी पोरींनी बादशहाचं नाव 'डुकराचं मोठं खूर' ठेवलं, गोड बोलून फसवणाऱ्या पुरुषाला ठेवतात ते. राजमुद्रा, सोनेरी झगा, मागेपुढे खोजे, आणि लोक घराघरात त्याला खूर म्हणतायत! जानेवारी २०१९ मध्ये 'बीजिंग डेली'च्या गटातून लेख आला की या महाल-मालिकांनी समाजात ऐषाराम आणि कारस्थानांची चटक लावली, आणि पाठोपाठ टीव्हीवरचं दोन्ही मालिकांचं पुनःप्रक्षेपण थांबलं. लेखाचा रोख बायकांच्या भांडणांवर होता. प्रेक्षकांनी खुराची थट्टा केली, त्याबद्दल कुणाला काही वाटलं असेल तर ते छापलं नाही.

याच्याही आधीचा एक किस्सा तुला आवडेल. २०१४ च्या डिसेंबरात हुनान टीव्हीवर वू त्सतियानची मालिका सुरू झाली, फान बिंगबिंग नायिका. ही वू म्हणजे चीनच्या इतिहासात स्वतः बादशहा म्हणून गादीवर बसलेली एकमेव बाई, सन ६९० मध्ये. आठवड्याभरात मालिका बंद, कारण काय तर 'तांत्रिक'. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी परत आली तेव्हा बायकांचे खोल गळे पडद्यावरून गायब. कसे? चित्रच वरून एवढं जवळ आणलं की गळ्याखालचं काही दिसूच नये. एवढ्या जरीच्या कपड्यांचा खर्च आणि पडद्यावर नुसती डोकी! लोकांनी मालिकेचंच नाव बदलून 'वू मोठ्या डोक्याची' केलं, भराभर चित्रं काढली, तसेच कापलेले जुने पुतळे दाखवले. आणि ज्याला तांग काळाचा इतिहास ठाऊक आहे तो काय म्हणेल? वूच्याच नातीचं, युंगताय राजकन्येचं थडगं शीआनजवळ आहे. त्याच्या भिंतींवर दासींची चित्रं आहेत, गळे तसेच खोल. तेराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला जे खटकलं नाही ते आजच्या अधिकाऱ्याला खटकलं.

पण सगळा दोष साहेबांवर टाकून चालणार नाही, प्रेक्षकांचाही वाटा आहे. २०२२ ची 'मंग ह्वा लू' बघ, सोंग काळातली, ल्यू यीफेइची. मूळ नाटक युआन काळातल्या ग्वान हानछिंगचं. त्यातली चाव पान्अर ही सरळसरळ गणिका. नवऱ्याच्या छळातून मैत्रिणीला सोडवायला ती आपलंच रूप वापरते, त्या नवऱ्याला भुलवून काडीमोड लिहून घेते. काय धाडसी बाई! मालिकेत ती अधिकाऱ्याची मुलगी होते, लहानपणी शिक्षा म्हणून कलावंतिणींत नोंदवलेली, पण 'तसलं' काही न केलेली, आणि आता हांगचौत चहाचं दुकान चालवणारी. मैत्री सुरेख दाखवलीय, तिघी बायका मिळून दुकान उभं करतात ते मला फार आवडलं. पण नायक-नायिका दोघेही 'स्वच्छ', आधी कुणाशी काही नाही, याचं कौतुक करणारेही प्रेक्षकच होते. आणि त्यावर चिडून उठलेल्याही प्रेक्षकच: कला विकणारी चांगली, देह विकणारी वाईट, अशी उतरंड मैत्रीच्या नावाखाली कशाला लावता? सातशे वर्षांपूर्वीच्या नाटककाराला जे जमलं ते तुम्हाला का नको? त्यांच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ज्या बाईची लाज वाटते तिला आधी धुवून घ्यायचं आणि मग नायिका म्हणायचं, हा प्रकार मला नारा राणीला खलनायिका करण्यापेक्षाही जास्त झोंबतो.

आणि 'बाईच मुख्य' म्हणून जाहिरात करणाऱ्या निम्म्या मालिकांत तिला वेळ आली की राजपुत्र, सेनापती, वैद्य असे तीन पुरुष आळीपाळीने वाचवतात, हे वेगळंच. त्यावर काही लिहीत नाही, तूच बघून हसशील.

तू सुरू करशील तर झेन ह्वानपासून कर. अमेरिकन नेटफ्लिक्ससाठी २०१५ मध्ये ७६ भागांचे सहा केले होते. ती आवृत्ती मिळाली तरी हात लावू नकोस, त्यात ह्वा फेइ नुसतीच दुष्ट वाटते. सबटायटल्स इंग्रजीत आहेत, चष्मा लावून बस. वसंतरावांना पहिल्या दिवशी बसवू नकोस, ते दर पाच मिनिटांनी "ही कोण?" विचारतील, नावं अंगवळणी पडायला तुलाच दहा भाग लागतील. सुनेला मात्र बसव. ती कुणाच्या बाजूने आहे हे आधी विचारून ठेव आणि धुपाचा प्रसंग झाल्यावर परत विचार. तिने बाजू बदलली तर मला लगेच फोन कर, रात्रीचे अकरा वाजले तरी चालेल.

लोणच्याच्या कैऱ्या मिळाल्या का तुझ्याकडे? इथे अजून आंबटपणा नाही त्यांना.

तुझी,
शैला