कचेरीतल्या पूजेविषयी पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा, यांस

सप्रेम नमस्कार.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. गेल्या महिन्यात एका नकलेसाठी शहरातल्याच एका सरकारी कार्यालयात गेलो असता खिडकीवर ‘पूजेनंतर या’ असा कागद चिकटवलेला दिसला. आत सत्यनारायण चालला होता. साहेब सपत्नीक पाटावर बसले होते, आवक-जावकचे टेबल भिंतीकडे सरकवले होते आणि केळीचा एक खुंट फायलींच्या गठ्ठ्याला टेकवून उभा केला होता. कामठीहून आलेल्या एक बाई बाहेरच्या बाकावर दीड तास बसून होत्या. पावणेबाराला खिडकी उघडली, तेव्हा आधी प्रसादाचा द्रोण बाहेर आला आणि मग त्यांचा अर्ज आत गेला.

रागवण्याचा अधिकार मला फारसा नाही, कारण नोकरीत असताना अशाच पूजेची वर्गणी मी स्वतः गोळा करीत असे. आमच्याकडे एक बौद्ध शिपाई होते. त्यांचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर हजर होते, असे ते अभिमानाने सांगत. वर्गणीच्या यादीत मी त्यांचेही नाव घालत असे. ते मुकाट्याने पैसे देत, वर सतरंज्याही अंथरत. द्यायचे आहेत का, असे मी त्यांना एकदाही विचारले नाही. ज्याची रजा साहेबांच्या सहीवर मंजूर होते, त्याच्या होकाराला होकार म्हणता येत नाही, हे मला निवृत्तीनंतर उमगले.

राज्यघटना लागू होऊन सात वर्षेही झाली नव्हती, तेव्हा मसुदा समितीच्या अध्यक्षांनीच या शहरात धर्म बदलून २५ व्या कलमाचा अर्थ दाखवून दिला होता. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत हे कलम सर्वांना धर्मस्वातंत्र्य देते. त्यात आपण आला, साहेब आले आणि शिपाईही आले. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर कोणावर लादता येत नाही, असे २७ वे कलम सांगते आणि पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे २८ वे. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ मध्ये आला म्हणून तो उपरा आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही कलमे १९५० पासूनची आहेत हे ध्यानात घ्यावे. बोम्मई खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मनिरपेक्षता घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग मानली.

सरकारने धर्माकडे पाठ फिरवावी, असे मात्र आपली घटना म्हणत नाही. हिंदूंची सार्वजनिक देवळे सर्व जातींना खुली करण्याचा अधिकार ती सरकारला देते आणि देवस्थानांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे तपासले जातातच. सरकारने हिशेबात जरूर डोकवावे. आरतीचे ताट मात्र हाती घेऊ नये. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर किंवा उरुसाला ताजबागेत पाण्याचे टँकर, शौचालये आणि जादा बस पुरवणे मला गैर वाटत नाही, कारण तिथे जमतात ते नागरिकच आणि तहान सर्वांना सारखी लागते. कचेरीतली पूजा वेगळी ठरते, कारण तिथे सरकारच यजमान होऊन पाटावर बसते आणि ज्याचा अर्ज अडला आहे, त्याला त्या यजमानापुढे हात जोडून उभे राहावे लागते.

म्हणून विनंती अशी की, कार्यालयाच्या आवारात आणि कामाच्या वेळेत कोणत्याही धर्माचा विधी होणार नाही, तसेच कर्मचाऱ्यांकडून त्यासाठी वर्गणीची यादी फिरणार नाही, असे स्पष्ट परिपत्रक काढून त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी कार्यालयप्रमुखावर टाकावी. सरकारी निधीच्या कामांचा प्रारंभही भूमिपूजनाऐवजी पहिली कुदळ मारून करावा. याची सुरुवात आपल्यापासून झाली, तर खालच्या साहेबांना वेगळे सांगावे लागणार नाही. आपल्या घरच्या देव्हाऱ्याविषयी मला काहीही म्हणायचे नाही.

परिपत्रक निघाल्यास त्याची एक प्रत त्या खिडकीवर, तो कागद होता तिथेच, लावण्याची व्यवस्था व्हावी.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, नागपूर