सिस्टर, पेनाला टोपण लावल्याबद्दल

आदरणीय सिस्टर,
स. न. वि. वि.

तुमचं नाव या पत्रात नाही. "नाव-बिव टाकू नका, उगाच वरून विचारणा होते," असं तुम्हीच बजावलंत. दवाखान्याचंही नाव नाही. वस्तीत नुसतं सिस्टर म्हटलं तरी लोकांना कळतं, तेवढं पुरे.

कोविडच्या दोन लाटांत वस्तीतल्या घरांवर काय गुदरलं, कोण आजारी पडलं, उपचार कुठे घेतले, कोण गेलं, याची घरोघरी जाऊन नोंद करण्याचा विद्यार्थ्यांचा हा प्रकल्प. अहवाल आता छापून आलाय. त्यात आभाराचं पान आहे, पण तिथे मोठ्या लोकांची इतकी दाटी झाली की तुमच्या वाट्याला "स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांचे सहकार्य" एवढे चार शब्द आले. त्या मोठ्यांपैकी एका साहेबांकडे गल्ल्यांची यादी मागितली होती. अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का दोन मिनिटांत बसला, यादी अजून यायची आहे. दुसरे एक मार्गदर्शक फोटोपुरते वस्तीच्या तोंडाशी आले आणि आत गटार उघडं आहे हे पाहून तिथूनच मार्गदर्शन करून परतले. दोघांचीही नावं ठळक अक्षरांत आहेत. म्हणून हे पत्र वेगळं आणि जाहीर.

सर्वेक्षणाचं गणित सोपं असतं. निम्म्या लोकांना एखादी गोष्ट झाली असेल असं धरायचं, पाच टक्के इकडेतिकडे चालेल म्हणायचं, ९५ टक्के खात्री मागायची, की ३८४ माणसं लागतात. एका गल्लीतली घरं बऱ्याच बाबतींत एकमेकांसारखी असतात, म्हणून त्याला दीडने गुणायचं, ५७६. दहातलं एखादं घर नकार देणार हे धरून ०.९ ने भागायचं, ६४०. इथवर पुस्तक साथ देतं. ती ६४० घरं नेमकी कोणती, हे पुस्तकात नसतं.

दर चौथं घर घ्यायचं तर आधी घरं ओळीने मोजता आली पाहिजेत. वस्तीतल्या दारांवर आकड्यांना तोटा नाही. एक जनगणनेचा, एक झोपडपट्टी पुनर्वसनाच्या पाहणीचा, एक मलेरियावाल्यांचा, आणि यातला एकही शेजारच्या दाराशी जुळत नाही. शिवाय माळ्यावर काढलेली खोली असते, तिचा जिना मागच्या बोळातून. पुढून मोजलं तर ती दिसतच नाही. साहेबांची यादी आली असती तरी त्यात ती खोली नसती. ती तुमच्या पल्स पोलिओच्या वहीत होती. गल्ली कुठल्या नळापासून सुरू होते, कुठे वळते, वर कोण राहतं, दोन दारं पण चूल एकच असं घर कोणतं, सगळं क्रमाने, कारण पोलिओच्या फेरीत पाच वर्षांखालचं एकही पोर सुटून चालत नाही. ती वही तुम्ही दवाखान्याबाहेर जाऊ दिली नाहीत, हेही बरोबरच. तिच्यावरून बाकावर बसून नकाशा काढू दिलात.

दारावरच्या खडूच्या खुणाही तेव्हाच कळल्या. 'पी' म्हणजे त्या घरातली सगळी पोरं झाली, फुली म्हणजे परत यायचं. फुलीचं घर सोडून पुढचं घ्यायचं असतं का, हा प्रश्नसुद्धा तुमच्याकडे हास्यास्पद ठरतो. सर्वेक्षणात मात्र सर्रास तेच चालतं. कुलूप दिसलं की शेजारचं दार वाजवायचं. यात बिघडतं ते असं की, दिवसा कुलूप असलेलं घर म्हणजे ज्यातली सगळी माणसं कामाला जातात ते घर. धुणीभांडी, बांधकाम, मंडईतली हमाली, रिक्षा. संसर्गाशी गाठ पडली ती जास्त करून त्यांचीच. त्यांच्या जागी दुपारी घरी सापडणारं कुटुंब घेतलं की आजाराचा आकडा गपचूप खाली येतो, आणि कागदावर चूक कुठेच दिसत नाही. म्हणून एका घरी तीन वेळा जायचं, त्यातली एक वेळ संध्याकाळी सातनंतरची, एक रविवारची. तिसऱ्यांदाही कुलूप असेल तर "भेट नाही" लिहायचं आणि बदली घर घ्यायचं नाही. नळाला पाणी असताना दार वाजवायचं नाही, आणि गुरुवारी पाणी बंद असलं तर शुक्रवारी सकाळी त्या बाजूला फिरकायचंच नाही, हे तुमचं.

घरातल्या कोणाला विचारायचं, यातही खाचखळगे आहेत. पुस्तकी पद्धत अशी की ज्याचा वाढदिवस अगदी अलीकडे होऊन गेला त्याला निवडायचं. पण आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी माणसांचा वाढदिवस कागदावर १ जून असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तो टाकलेला. जूनमध्ये फिरलात तर घरातली थोरली माणसंच निवडली जातील, मेमध्ये फिरलात तर तीच गळतील. तुम्ही सरळ म्हणालात, चिठ्ठ्या टाका. घरातल्या प्रौढांची नावं चार चिठ्ठ्यांवर लिहायची आणि लहान पोराला एक उचलायला सांगायचं. पोर खूश होतं आणि निवडीवर कोणी वाद घालत नाही.

तारखांचंही तसंच. दोन वर्षांपूर्वीचा ताप कोणत्या महिन्यातला, हे कोणालाच सांगता येत नाही. लोक तो पुढेमागे सरकवतात, बहुधा पुढे. सण विचारले की आठवतं, पण सण कोणत्या वर्षीचा हे पक्कं करावं लागतं. २०२० चा पाडवा २५ मार्चला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला, ऐन दुसऱ्या लाटेत. नुसतं "पाडव्याच्या सुमारास" लिहिलं तर एक माणूस एका लाटेतून उचलून दुसरीत टाकला जातो. "त्या पाडव्याला गाठी बाजारात मिळाल्या होत्या का?" हा तुमचा प्रश्न कोणत्याही छापील प्रश्नावलीत नाही, पण त्याने वर्ष ठरतं.

आणि प्रश्नांचा क्रम. हाती आलेल्या नमुना प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न होता, घरात कोणाला कोविड झाला होता का. उत्तर ठरलेलं, नाही. २०२० मध्ये "हो" म्हटल्यावर गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले गेले होते, ते कोण विसरेल? पुण्यात साथीच्या नावाने दार वाजवण्याला तसा जुना इतिहास आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोजीर घरं तपासायला थेट माजघरात, देवघरात शिरत, आणि त्याच संतापातून २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली. वस्तीत त्याबद्दल कोणी बोलत नाही. पत्रे पुरेसे आहेत. तेव्हा आधी ताप, खोकला, वास-चव जाणं, जिना चढताना दम लागणं हे एकेक विचारायचं, मग औषध कुठून आणलं, मग तपासणी झाली का, आणि कोविडचं नाव सगळ्यांत शेवटी. केवळ तपासणीच्या कागदावर विसंबून चालतच नाही. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये शहरातल्या पाच प्रभागांत १,६६४ लोकांचं रक्त तपासलं तेव्हा ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली होती, लोहियानगर-कासेवाडीत तर ६५.४ टक्के. सरकारी रुग्णसंख्या त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मृत्यूचा प्रश्न फॉर्मच्या तिसऱ्या पानावर होता. "या काळात घरातील कोणाचे निधन झाले का? हो/नाही." सुरुवातीच्या फॉर्मांत त्या रकान्यात "नाही"ची सलग रांग होती. वस्ती तरुण आहे, असेल तसं, असंही कोणी म्हणून गेलं. मग एका घरी तुम्ही सोबत होतात. प्रश्न विचारल्यावर त्या आजी काही बोलल्या नाहीत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. तुम्ही फॉर्म लिहिणाऱ्याच्या हातातलं पेन काढून घेतलंत, त्याला टोपण लावलंत, कट्‌ आवाज येईपर्यंत दाबून, आणि पॅड उलटं करून मांडीवर ठेवलंत. "सांगा आज्जी, घाई नाही," एवढंच म्हणालात. त्यानंतर जे आलं ते अर्धा तास येत होतं. मुलगा, कुठे नेला, कुठे बेड मिळाला नाही, कोणत्या दवाखान्याच्या पायरीवर किती वेळ बसले. तुम्ही मध्ये एकदाही "मग ताप किती दिवस होता?" असं विचारलं नाहीत. बाहेर गल्लीत आल्यावर भिंतीला टेकून फॉर्म भरलात, आणि ताप किती दिवस होता हेसुद्धा त्या बोलण्यात येऊन गेलेलं होतं.

मृत्यूचं कारण घरच्यांकडून जाणून घेण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धतीतही हेच सांगितलेलं असतं, की ठरावीक प्रश्नांच्या जोडीला माणसाला त्याच्या क्रमाने, त्याच्या शब्दांत बोलू द्यावं. ते वाचून कळत नाही. उघडं पेन समोर असलं की समोरचा उत्तर देतो, आणि उत्तर लवकर संपवायचं असेल तर "नाही"सारखा सोपा शब्द नाही. त्या दिवसापासून गटाचा नियम झाला. तिसरं पान आलं की पेन बंद, पॅड उलटं. नोंद बाहेर आल्यावर, पण त्याच गल्लीत, पुढच्या घरी जायच्या आत, कारण दुसरं घर ऐकलं की पहिल्याचे तपशील त्यात मिसळतात. दोघांनी जायचं, आठवलेलं एकमेकांशी ताडून पाहायचं, जुळलं नाही तिथे "अनिश्चित" लिहायचं. सुरुवातीची "नाही"वाली घरं पुन्हा केली. सगळीच काही बदलली नाहीत. जी बदलली तीच या अहवालातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहेत.

त्यातून पुढचे प्रश्न सुटत गेले. मृत्यू झाला तो कुठे? कारण अनेकजण आजारपणात गावी गेले, सोलापूर, बीड, लातूरकडे, आणि नोंद झाली असली तर तिकडच्या दप्तरात झाली. आणि जिथे एकटाच माणूस राहत होता आणि तोच गेला, तिथे सांगायला कोण उरतं? खोलीत नवा भाडेकरू असतो, त्याच्याकडून प्रामाणिकपणे "नाही" येतं. घरोघरच्या पाहणीत असे मृत्यू कायमचे निसटतात. तुम्हाला त्या खोल्या माहीत होत्या. तुम्ही सांगितलेल्या नोंदी वेगळ्या तक्त्यात ठेवल्या आहेत, टक्केवारीत मिसळलेल्या नाहीत, कारण त्या यादृच्छिक, म्हणजे कोणाच्या मर्जीवर नसलेल्या, निवडीतून आलेल्या नाहीत. पण अहवालात त्या आहेत.

एकत्र काम करण्याबद्दल विद्यार्थ्यांना भाषणं खूप ऐकावी लागतात. प्रत्यक्षात ते संध्याकाळी फॉर्म तपासताना शिकायला मिळतं. काहींनी मराठी आकडे लिहिले, काहींनी इंग्रजी. मग मराठी १ संगणकावर चढवताना इंग्रजी नऊ होतो, मराठी ४ चा आठ होतो आणि मराठी ५ चा चार. ४४ वर्षांची बाई ८८ ची होते. यावर इलाज एकच, प्रत्येक फॉर्म दोघांनी स्वतंत्रपणे चढवायचा आणि फरक दिसेल तिथे मूळ कागद काढायचा. मोकळा रकाना म्हणजे "नाही" नव्हे, हे भांडून ठरवावं लागतं आणि ठरलं की वहीत तारीख घालून लिहून ठेवावं लागतं, नाहीतर महिन्याने तेच भांडण पुन्हा. एकाच जोडीच्या फॉर्ममध्ये एकही मृत्यू नसेल तर वस्तीवर शंका घेण्याआधी त्या जोडीची विचारण्याची पद्धत पाहावी लागते. हे शेवटचं तोंडावर सांगणं सर्वांत अवघड, आणि कोणाचा अपमान न होता ते जमलं याला कारण टोपणाची गोष्ट तोवर सगळ्यांनी पाहिलेली होती.

वरच्या खुर्चीतल्या माणसाने अर्धा तास दिला की त्याला योगदान म्हणतात, आणि तुमच्यासारखीने ड्यूटी संपल्यावर तेवढाच वेळ दिला की ते तिचं कामच असतं. हा हिशोब कोणी मांडला कोण जाणे. चांगुलपणा दाखवणाऱ्यांना सहसा तो दाखवतोय हे ठाऊकही नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांच्यासोबत फोटोग्राफर असतो. संमतिपत्राची एक प्रत घरी ठेवायची असते, हा नियम सगळीकडे छापलेला आहे. त्यावर विचारणाऱ्याचा फोन नंबर ठळक आणि हाताने लिहा, म्हणजे पोलिसाचा कागद वाटणार नाही, हे सुचायला तुमची वीसेक वर्षांची पायपीट लागते. लोकांनी ती प्रत रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली दिसली. आपल्याकडे याहून मानाची जागा कागदाला नाही.

अहवालाची प्रत आणि चार पानांचा मराठी गोषवारा दवाखान्यात पोचवला आहे. गोषवारा वस्तीच्या बैठकीत वाचण्यासाठी आहे. त्यात एकाही घराचा क्रमांक नाही. उरलेले फॉर्मही तिथेच ठेवलेत, त्यांची मागची बाजू कोरी आहे, लसीकरणाच्या याद्यांना चालेल. नकाशात नाल्याकडच्या बोळाचं तोंड आता बदललंय असं तुम्ही म्हणाला होतात, तेवढं तुमच्या हाताने दुरुस्त करून ठेवाल का? पुढच्या वर्षीच्या गटाला लागेल.

तुमचे,
सर्वेक्षण गटातले विद्यार्थी
पुणे