आधी सुनेकडे बघ

कुडाळ,
सोमवार

प्रिय नंदा,

तुझं पत्र काल मिळालं, रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. चार महिन्यांचा नातू, दीड महिन्यात जेमतेम 200 ग्रॅम वाढलाय, आणि सून "तोंड पाडून बसते, बाळाला नीट पाजत नाही". पावडरचं दूध सुरू करू का, असं विचारलंयस. अगं, डबा आणायच्या आधी माझं ऐक.

मुख्यसेविका म्हणून वजनकाटा आणि दंडघेराची पट्टी घेऊन अंगणवाड्या फिरताना माझी वीस वर्षं गेली. पट्टी पिवळ्यात आली, म्हणजे मूल कुपोषणाकडे झुकलेलं दिसलं, की आम्ही विचारतो, काय भरवता, किती वेळा, पेजेत तूप घालता का? ते विचारायलाच हवं. पण भरवणाऱ्या बाईला झोप लागते का, हे मी कितीतरी वर्षं कुणालाच विचारलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात एका वाडीवर गेले होते. अकरा महिन्यांची मुलगी, वजन 6 किलो 400 ग्रॅम. घरात खायला नव्हतं असं नाही. आईनं माझ्यादेखत नाचणीच्या पेजेचा एक चमचा पुढे केला. पोरीनं मान फिरवली. आईनं वाटी खाली ठेवली आणि दाराबाहेर बघत बसली. पेजेवर साय धरली. थोड्या वेळानं पोर आपणहून वाटीकडे सरकली, आ वासला. आईला ते दिसलंच नाही. एवढ्याशा जिवाला भूक सांगता येत नाही गं, ती आईनं टिपावी लागते. आणि हिची नजरच विझलेली. त्याआधीचे तीन महिने मी तिला "जरा लक्ष दे" म्हणून बोलून येत होते. त्याचं अजून वाईट वाटतं.

त्या दिवशी वही मिटली, शेजारी बसले आणि विचारलं, "झोप लागता काय गो तुका?" ती पदरात तोंड घालून रडली. दुसरीही मुलगीच, नवरा गोव्यात कामाला, सासूचे उठता-बसता टोमणे.

अशा कितीजणी असतात! गोव्यातच डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयातल्या 171 बाळांची वाढ पाहिली होती, 2003 साली ते छापून आलं. 37 आयांना बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं, म्हणजे पाचांत एकीहून जास्त. सहाव्या महिन्यात वजनात आणि लांबीत मागे पडलेली बाळं त्यांच्यातच जास्त. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी गरोदरपणातच नैराश्य आलेल्या बायकांशी घरी बसून बोलायला घेतलं, तर बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत नैराश्य 23 टक्के जणींतच उरलं; नुसत्या नेहमीच्या भेटी झालेल्यांत ते 53 टक्के होतं. बाळांच्या वजनात तिथे ठळक फरक पडला नाही, हेही सांगते. पण जुलाब कमी झाले, लसी जास्त मुलांना मिळाल्या.

तुझ्या घरी काय होत असेल, मला दिसतंय. धास्ती असली की दूध असूनही पान्हा लवकर फुटत नाही. बाळ ओढतं, दमतं, रडतं. आई आणखी खचते आणि घरातले म्हणतात, हिला दूधच नाही! बाळंतिणीचं पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. तुझ्या सुनेला चार महिने झालेत. याला आळस म्हणू नकोस, नंदा. हा आजार असू शकतो आणि तो बरा होतो.

बाळाला याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखव, आणि सुनेचं काय होतंय तेही तिथेच सांगा. रात्री एकदा पाजून झालं की बाळ तू घे, तिला सलग चार तास झोपू दे. बोलावंसं वाटलं तर 14416 वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेला, फोन लावता येतो, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. जगणं नको असं काही तिच्या तोंडून आलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

वाडीवरच्या त्या पोरीचं वजन अजून हवं तितकं नाही. पण तिच्या आईला मनोविकारतज्ज्ञांचं औषध चालू आहे, महिनाभर माहेरी राहून आली. दिवाळीनंतर गेले तर ओट्यावर बसून पोरीला भरवत होती, हा काऊचा, हा चिऊचा. मध्येच पोर हसली, तशी तीही हसली.

शनिवारी मी येतेय. ओल्या नारळाच्या वड्या आणते, तिला आवडतात ना? माझ्यासाठी तिला काही करायला लावू नकोस. स्वयंपाक आपण दोघी करू.

तुझी,
सुमा